मागचा पाइप

हर्षद ठोंबरेच्या गाडीचं मॉडेल कंपनीने बंद केलं त्याला सहा वर्षं झाली होती. सात माणसं बसतील अशी डिझेल गाडी, अंगाने दणकट. पण शोरूमवाले आता तिला हात लावायला नाखूश असत, आणि दरवाजाचं साधं हँडल मागवलं तरी महिना जाई. म्हणून करोनानंतर रायगड जिल्ह्यातल्या या गाडीच्या मालकांनी फोनवर एक ग्रुप काढला. पेणचे एक दाताचे डॉक्टर, माणगावचा खडीवाला, श्रीवर्धनकडचे दोघं हॉटेलवाले, असे करत करत नव्वदेक जण झाले. कुणाचा एसी बंद पडला, कुणाला नवे दिवे बसवायचे आहेत, कुणाला जुन्या गाडीची सीट कोणत्या भंगारवाल्याकडे मिळाली, हे सगळं तिथे यायचं.

हर्षद रोह्याजवळच्या एका कारखान्यात मीटर-वॉल्व दुरुस्तीच्या खात्यात होता. मूळचा पालीजवळच्या गावचा, पण बायको सुचिता रेवदंड्याच्या शाळेत शिक्षिका, म्हणून बिऱ्हाड रेवदंड्याला. कारखान्यात रोज काय बिघडलं, काय केलं, हे वहीत लिहायची सवय होती. तीच सवय त्याने ग्रुपवर नेली. कुठला पाना लागला, किती वेळ गेला, बोल्ट सुटला नाही तर काय करायचं, सगळं फोटोसकट. लोक ते जपून ठेवायचे. हळूहळू सगळे त्याला सर म्हणू लागले. कारखान्यात त्याच्यानंतर लागलेली दोन पोरं आता त्याची साहेब होती, तिथे त्याला कुणी सर म्हणत नव्हतं. सुचिताला हे दिसायचं. जेवताना फोन वाजला की ती वाटी पुढे सरकवून म्हणायची, "घ्या, तुमचे पेशंट आले."

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आसपास त्याच्या गाडीचं ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं. पाय ठेवला की नेहमीपेक्षा खाली जायचं. त्याने अंगणातच जॅक लावून चारही चाकांच्या ब्रेक-लाइनमधली हवा काढली, जुनं ब्रेक ऑइल काढून नवं भरलं आणि पेडल पुन्हा कडक झालं. त्याने ग्रुपवर लिहिलं: पेडल मऊ लागलं तर घाबरू नका, लाइनमध्ये हवा असते, ती काढली की काम झालं, शोरूमवाले उगाच अख्खी सिस्टीम बदलायला सांगतात.

खाली पन्नासेक अंगठे आले. एकट्या अल्पेश म्हात्रेने प्रश्न विचारला. अल्पेश पेणचा, त्याचा भाऊ गॅरेज चालवतो. त्याने लिहिलं, 'सर, बंद लाइनमध्ये हवा आली कुठून? आपण खाऱ्या हवेत राहतो. मागचा ब्रेकचा पाइप डिझेलच्या टाकीवरून जातो, तिथे माती अडकते आणि गंज धरतो. टाकी उतरवून तो एकदा बघायला पाहिजे.'

हर्षदने उत्तर दिलं, 'अल्पेशभाऊ, तुमच्या हिशेबाने ताप आला की पोट फाडून बघायचं.' त्यावर हसणारे चेहरे कितीतरी आले. अल्पेशने पुढे काही लिहिलं नाही.

यानंतर आठ महिन्यांनी, जूनच्या सुरुवातीला, पेडल पुन्हा मऊ झालं. या वेळी हवा काढूनही चार दिवसांत तसंच. हर्षदने गाडी गावातल्या दादू मिस्त्रीकडे नेली. दादूने टाकी उतरवली आणि हर्षदला गाडीखाली बोलावलं.

"ह्यो बघा," तो म्हणाला आणि टाकीच्या वरच्या अंगाने जाणाऱ्या पाइपाला नुसतं नख लावलं. पापुद्रा सुटून हातात आला. आत ओल होती. "पाइप न्हाय राह्यला ह्यो. नुसता रंग हाय. तुमचं नशीब, घाटात न्हाय गेलात."

सुचिता शाळेतून परत येताना तिथे थांबली होती. तिनेही तो तुकडा हातात घेऊन पाहिला. दादूने त्याच दिवशी नवा पाइप टाकला, टाकीच्या वर रबराची पट्टी घातली, आणि गाडी चांगली झाली.

त्या संध्याकाळी हर्षद ग्रुपवर लिहायला बसला. 'मित्रांनो, ब्रेकबद्दल मी मागे जे लिहिलं होतं त्यात एक दुरुस्ती' इथपर्यंत लिहिलं. मग अल्पेशचं नाव घ्यावं लागेल हे लक्षात आलं. पोट फाडण्याचं ते वाक्य लोकांना आठवेल. त्याने विचार केला, गंजक्या पाइपाचे चांगले फोटो काढून, नीट समजावून लिहू, म्हणजे चूक कबूल केल्यासारखं न वाटता माहिती दिल्यासारखं वाटेल. फोटो काढायला दादूकडे गेला तेव्हा जुना पाइप भंगारात गेला होता. मग पाऊस सुरू झाला, कारखान्यात दुरुस्तीचं शटडाउन निघालं, आणि लिहायचं राहून गेलं. म्हणजे राहून गेलं असं तो स्वतःला सांगत राहिला.

सप्टेंबरमध्ये त्याला अब्दुस्समद मुकादम यांचा फोन आला. दिघीजवळच्या गावात राहणारे हे सत्तरीचे गृहस्थ. कुवेतमध्ये तीस वर्षं नोकरी करून परतलेले. ग्रुपवर फारसं लिहीत नसत, पण हर्षदचं लिखाण कागदावर उतरवून घेत, तसं त्यांनी त्याला सांगितलंही होतं. दोघांची भेट कधी झाली नव्हती, तरी ईदला आणि गणपतीला फोन व्हायचा. हर्षद त्यांना समदचाचा म्हणे.

"हर्षदभाई, गाडीचं पेडल जरा खाली जातंय," ते म्हणाले. "तुमचा तो कागद काढला मी. हवाच असेल ना? पाइप-बिइप काही नाही ना?"

हर्षद कारखान्याच्या कँटीनमध्ये उभा होता. हातात ताट, मागे रांग. पाइप म्हटल्याबरोबर त्याला दादूचं नख आठवलं. तो म्हणाला, "आधी हवा काढून बघा, चाचा."

"बस, तेच विचारायचं होतं. शुक्रिया."

संध्याकाळी फोन करून नीट सांगू, असं त्याने ठरवलं. संध्याकाळी त्याच्या मुलीच्या, आरोहीच्या, क्लासची फी भरायला अलिबागला जायचं होतं. आठवड्याने चाचांचा निरोप आला की हवा काढली, पेडल कडक झालं, अल्ला तुम्हाला खूश ठेवो. हर्षदने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

नोव्हेंबरच्या अठरा तारखेला, शनिवारी सकाळी साडेनऊला, अब्दुस्समद पत्नी रहिमुन्निसा यांना घेऊन निघाले. रहिमुन्निसांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता आणि मुरुडच्या डॉक्टरांनी बोलावलं होतं. दिघीहून गाडीसकट फेरीबोटीत चढायचं, आगरदांड्याला उतरायचं, पुढे मुरुड जवळ. जेट्टीकडे जाणाऱ्या उतारावर वळणाच्या अलीकडे त्यांनी ब्रेक दाबला आणि पेडल तळाला टेकलं. पुढच्या चाकांचे ब्रेक थोडे धरले असावेत, पण उतार मोठा होता. हँडब्रेक ओढेपर्यंत गाडी डावीकडे उभ्या असलेल्या खडीच्या ट्रकला मागून जाऊन लागली. त्या बाजूला रहिमुन्निसा बसल्या होत्या. दवाखान्यात पोचण्याआधीच त्या गेल्या. अब्दुस्समद यांचं मनगट आणि तीन बरगड्या मोडल्या.

ग्रुपवर ही बातमी श्रीवर्धनच्या हॉटेलवाल्याने टाकली. खाली श्रद्धांजलीची फुलं आली, कुणी दुवा लिहिली. मग दुसऱ्या दिवशी चर्चा सुरू झाली. एकाने लिहिलं, सत्तरीनंतर लायसन्स देऊच नये. दुसऱ्याने लिहिलं, म्हातारी माणसं घाबरली की ब्रेकऐवजी क्लच दाबतात. कुणीतरी विचारलं, 'हर्षद सर, तुम्हाला काय वाटतं?'

हर्षदने लिहिलं, 'तपासणी झाल्याशिवाय काही बोलणं योग्य नाही.' या उत्तरालाही अंगठे आले.

सुचिताने हे सगळं त्याच्या फोनवर वाचलं. ती भाजी निवडत होती. जरा वेळाने म्हणाली, "अहो, आपला पाइप बदलला होता ना जूनमध्ये?"

"हो."

"तुम्ही लिहिलं होतंत ना तिथे?"

हर्षदने तिच्यासमोरचा फोन उचलून खिशात घातला. सुचिताने परात उचलली आणि आत गेली. त्या दिवशी ती त्याच्याशी वाईट बोलली नाही, भांडली नाही. पण जेवताना फोन वाजला तेव्हा ती काहीच म्हणाली नाही, आणि पुढेही कधी म्हणाली नाही.

हर्षद कामावर जात राहिला. रोज सकाळी साळावच्या पुलावर गाडी आली की त्याचा पाय उगाच ब्रेकवर जाई. पेडल कडक असे. अपघात पाइपामुळेच झाला हे नक्की कुठे आहे, असा विचार तो पुलापासून रोह्यापर्यंत करत राही. चाचांची नजर कमी झाली असेल. क्लच दाबला असेल. परत येताना मात्र असला विचार टिकत नसे.

महिन्याभराने ग्रुपवर अब्दुस्समद यांच्या मुलाचा, झियानचा, निरोप आला. तो कुवेतला असतो. त्याने लिहिलं होतं, 'माझ्या अब्बांचा नंबर ग्रुपमधून काढावा. त्यांनी या वयात गाडी चालवायला नको होती. मी खूपदा सांगितलं होतं. ते स्वतः आता हेच म्हणतात की मीच मारलं तिला. गाडी भंगारात दिली आहे. आपण सगळ्यांनी त्यांना मदत केलीत, आभारी आहे.'

हर्षदने तो निरोप सुचिताला दाखवला. ती म्हणाली, "उद्या जा."

"काय सांगू त्यांना?"

"जे आहे ते. ते म्हाताऱ्या माणसाने एकट्याने कशाला वाहायचं?"

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली. गाडी काढली नाही. तीच गाडी घेऊन त्या दारात कसं जायचं? तो एसटीने मुरुडला गेला, तिथून रिक्षाने आगरदांड्याला, आणि फेरीबोटीने दिघीला उतरला. जेट्टीवरून वर जाताना तो उतार त्याला लागला. रस्त्याच्या कडेला काचेचा चुरा अजून होता. तो तिथे थांबला नाही.

अब्दुस्समद ओट्यावर खुर्चीत बसले होते. हाताला पट्टा होता. फोनवरच्या आवाजावरून हर्षदने उंच माणूस कल्पिला होता. हे लहानखुरे, पांढऱ्या दाढीचे, बोटात जाड चांदीची अंगठी. नाव सांगताच ते उठायला लागले.

"बसा चाचा, उठू नका."

"हर्षदभाई, इतक्या लांब आलात." त्यांनी आत बघून कुणाला तरी चहा सांगितला. एक बाई पाणी ठेवून गेली. "ही जुनेरा, माझी भाची. तीच येऊन-जाऊन असते." मग म्हणाले, "तुमचा तो कागद गाडीतच होता. बाकी सामानाबरोबर पोलिसांनी परत दिला."

हर्षदला वाटलं होतं, आधी दोन शब्द दुःखाचे बोलू, मग सांगू. पण कागदाचं ऐकल्यावर त्याला थांबता येईना. त्याने जूनपासून सगळं सांगितलं. पेडल पुन्हा कसं मऊ झालं, पाइप कसा निघाला, मिस्त्री काय म्हणाला, लिहायला बसून कसं अर्धवट सोडलं. कँटीनमधल्या फोनचंही सांगितलं. सांगताना तो त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हता, पायरीकडे बघत होता.

आत भांड्यांचा आवाज येत होता.

"जून म्हणालात?"

"हो."

"मी फोन केला तो सप्टेंबरात."

"हो."

ते बोटं मोजत होते असं हर्षदला वाटलं, पण त्यांची बोटं फक्त अंगठीवरून फिरत होती. मग ते म्हणाले, "इकडच्या मिस्त्रीने हवा काढली तेव्हा मला सांगितलं होतं. काका, टाकी उतरवून पाइप बघू, दोन दिवस गाडी ठेवा. मी तुमचा कागद काढून त्याला दाखवला. म्हटलं, हे बघ, शिकलेला माणूस आहे, कारखान्यात आहे. तो बिचारा वाचून गप्प झाला."



"झियानची आई मागे उभी होती तेव्हा," अब्दुस्समद म्हणाले. "मला म्हणाली, दोन दिवस ठेवायची तर ठेवा, आपल्याला कुठे घाई आहे. मी म्हटलं, तुला काय कळतं गाडीतलं."

जुनेरा चहा घेऊन आली. दोघांची तोंडं पाहून तिने कप खाली ठेवले आणि आत गेली. चहा तसाच राहिला.

"झियानला सांगा," अब्दुस्समद म्हणाले. "माझ्यासमोर सांगा. त्याला वाटतं मी क्लच दाबला. जमातीत सगळ्यांना तेच वाटतं. मलापण वाटायला लागलं होतं. इतके दिवस मी झोपेत पाय दाबून बघतो, कुठला पाय होता म्हणून."

त्यांनी फोन लावला आणि स्पीकर चालू करून खुर्चीच्या हातावर ठेवला. हर्षदने सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते अधिक वाईट वाटलं, कारण आता त्याला शब्द सापडत होते. मग झियान म्हणाला, "तुम्ही मला हे एक महिन्याने सांगताय."

"हो."

"मी अब्बांना काय काय बोललो या महिन्यात, माहितेय तुम्हाला?"

हर्षदने मान खाली घातली. फोनवर ते दिसणार नव्हतं. झियानने वडिलांना विचारलं, "अब्बा, ये आदमी अभी वहीं बैठा है?" अब्दुस्समद हो म्हणाले. झियानने फोन ठेवला.

हर्षद उठला. माफ करा, असं म्हणाला. अब्दुस्समद यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही आलात, सांगितलंत, ते ठीक केलंत," ते म्हणाले. "पण यामुळे माझं कमी होत नाही, हर्षदभाई. मिस्त्रीने तोंडावर सांगितलं, बायकोने सांगितलं, मी ऐकलं नाही. आधी मी एकटा होतो, आता आपण दोघं झालो, एवढंच. ते ग्रुपवर मात्र लिहा. आजच लिहा." आणि मग अगदी हळू म्हणाले, "परत येऊ नका."

हर्षदने फेरीबोटीतच लिहिलं. फोटो नव्हते, पान्याचे नंबर नव्हते. माझी सूचना चुकीची होती, अल्पेशचं बरोबर होतं, मला जूनमध्ये कळलं आणि मी लपवलं, मुकादम चाचांचा यात दोष नाही, आपापल्या गाडीची टाकी उतरवून मागचा पाइप बघा, तोपर्यंत गाडी उतारावर नेऊ नका. पाठवलं आणि फोन खिशात टाकला. आगरदांड्याला उतरेपर्यंत फोन मांडीला थरथरत होता.

पहिला दिवस लोक त्याच्यावर तुटून पडले. मग एकेक जण आपापली गाडी दाखवू लागला. पेणच्या डॉक्टरांच्या पाइपाला गंज, माणगावच्या खडीवाल्याचा पाइप हातात तुटला. महिन्याभरात बावीस गाड्यांचे पाइप बदलले गेले. कुणीतरी लिहिलं, 'सर, तुमच्यामुळे आमचे जीव वाचले.' ते वाचल्यावर हर्षद ग्रुपमधून बाहेर पडला.

अल्पेशचा फोन आला तो त्यानंतर. हर्षदला वाटलं, हा बोलेल, आणि त्याने बोलावं असंच त्याला वाटत होतं. पण अल्पेश म्हणाला, "सर, मी तेव्हा जोर लावायला पाहिजे होता. लोक हसले म्हणून मी म्हटलं, मरू दे. समदचाचांचा नंबर माझ्याकडेपण होता." मग अल्पेशने विचारलं, "तुमचा पाइप कसला टाकलात? तांब्याचा की लोखंडी?" हर्षदने लोखंडी असं सांगितलं. अल्पेश म्हणाला, "दोन वर्षांनी परत बघा."

हर्षद अजून रोज त्याच गाडीने रोह्याला जातो. झियानने तक्रार वगैरे काही केली नाही. रमजान ईदला हर्षदने चाचांना फोन लावला, तो उचलला गेला नाही. बकरी ईदलाही नाही. पाऊस सुरू झाल्यावर जुनेराचा निरोप आला की मामू झियानभाईकडे कुवेतला गेले, घर बंद आहे, हा नंबर आता चालू राहणार नाही.

सुचिता ओट्यावर वाळत घातलेले कपडे काढत होती. त्याने तिला तो निरोप वाचून दाखवला.

"मिटलं का त्यांचं त्याच्याशी? मुलाशी?" तिने विचारलं.

"माहीत नाही," हर्षद म्हणाला. "तसं काही लिहिलेलं नाही."

तिने कपडे खांद्यावर घेतले आणि वर आभाळाकडे बघत म्हणाली, "आता ते कळायचंही नाही." मग ती आत गेली, आणि हर्षद तिथेच पायरीवर बसून राहिला.